सरांचा कडा आणि मंडळाची साइट

प्रिय बाळ्या,

तुझे मेसेज येऊन पडलेत, मी उत्तर दिलं नाही, चिडला असशील. घरी सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर ठीक. आता मुख्य सांगतो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगून कळायचं नाही. सरांच्या कड्यावरची खर्पुडी, तो कंदाचा दुर्मीळ वेल, कोणीतरी खणून नेली.

मागच्या रविवारी गेलो होतो. ती खालची पायरी, जिथे तू घसरून माझ्या अंगावर आला होतास आणि वर मलाच शिव्या घातल्या होत्यास, तिच्या वरच्या गवतात खड्डेच खड्डे. गुराखी पोरं कशी खणतात ते आपण बघितलंय, काठीने उकरतात, एखादा कंद काढतात, तिथेच सोलून खातात नि पुढे जातात. हे तसलं नव्हतं रे. खुरप्याने चारी बाजूंनी कापून मातीसकट गड्डा उचललेला, खड्ड्याच्या कडा अजून सरळ. शेजारी एक तुटका वेल पडलेला आणि त्याला एक फूल तसंच, खाली फुगा, वर नळी, शेंड्याला पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या. फुगा फाडला तर आत दोन चिलटं जिवंत. नळीतले केस सुकल्याशिवाय ती बिचारी बाहेर येणार कशी, सोडून दिली. म्हणजे ते लोक फार तर आदल्या दिवशी येऊन गेले असणार. कंदच गेला म्हटल्यावर पुढच्या पावसात तिथे काय उगवणार, सांग.

आता मला काय खातंय ते ऐक. आपल्या झाडंवेड्यांच्या मंडळाची साइट नवीन करायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. जुन्या गॅलरीत त्याच कड्यावरच्या खर्पुडीचा फोटो आहे, कोणीतरी कधी काळी मोबाइलवरून थेट चढवलेला, खाली नुसतं 'पुणे जिल्हा'. सगळ्यांना वाटत होतं जागा सांगितलेलीच नाहीये. मी फाइल डाउनलोड करून डिटेल्स उघडले तर अक्षांश रेखांश आत जसेच्या तसे, मॅपवर टाकले की पिन थेट आपल्या पायरीवर. चोर त्यावरूनच आले असं मी छातीठोकपणे म्हणत नाही, पण दार सताड उघडं होतं हे खरं. त्या रात्री आधी सगळ्या फोटोंमधलं लोकेशन काढून टाकलं, मग आडवा झालो.

आणि लगेच तू आठवलास. जुन्नरच्या स्टँडवरचं आपलं भांडण! तू सरांच्या वहीत 'उंबरापासून उत्तरेला चाळीस पावलं' असलं काय काय लिहायचास आणि मी खोडायचो. तू ओरडलास, लपवलेल्या झाडासाठी भांडणार कोण, उद्या इथे जेसीबी लागला तर कोणाला सांगशील इथे काय होतं म्हणून? सर शांतपणे उसाचा रस पीत होते, कोणाचीच बाजू घेतली नाही, आणि आपण दोघं पुण्यापर्यंत एका सीटवर बसून एकमेकांशी अक्षर बोललो नाही. तुझं अर्धं म्हणणं मला आजही पटत नाही. पण अर्धं पटतं, आणि तेच छळतंय. सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, खाणी निघतात, फार्महाउसचे रस्ते जातात, नोंदच नसेल तर हरकत तरी कशाच्या जोरावर घ्यायची?

कमिटीत सरळ दोन तट पडलेत. नानांचं म्हणणं, साइट लोकांसाठी आहे, सगळं उघडं ठेवा. ताई म्हणतात दुर्मीळ झाडांची पानंच काढून टाका, आणि खर्पुडीचं ऐकल्यापासून त्या जास्तच ठाम झाल्यात. मला दोन्ही नकोय. पानं काढली तर नवीन पोरांना हे झाड असतं हे तरी कळणार कुठून? मधला मार्ग म्हणून कोणीतरी सुचवलं की जागा फक्त मेंबरांना लॉगिन केल्यावर दिसू दे. अरे, पण वर्गणी भरली की कोणीही मेंबर होतो, खुरपंवालासुद्धा.

म्हणून मी असं मांडलंय. फूल, महिना, खडकात येतं की गवतात, परागीभवन कोण करतं, हे सगळं सगळ्यांसाठी. तेरडा, सोनकी, कारवी यांना गावाच्या नावापर्यंत जाऊ दे, तसंही रस्त्यावरून दिसतातच. दुर्मीळ जातींना फक्त जिल्हा. नेमकी जागा साइटवर नाहीच, कुठल्याच पासवर्डमागे नाही. ती कागदावर, आणि तो कागद बीएसआयच्या, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या, पुण्याच्या ऑफिसात नि वनखात्याकडे द्यायचा. जेसीबी आलाच तर दाखवायला नोंद राहील, तुझं तेवढं मी मानलं बघ. आयनॅचरलिस्टवर, त्या निसर्गनोंदींच्या साइटवर, तर संकटातल्या जातींचा पिन आपोआप 0.2 अंशाच्या चौकटीत कुठेतरी ढकलला जातो, म्हणजे वीसेक किलोमीटरचा चौकोन. पण आपल्याकडे वेगळाच घोळ, फोटोत मागे बुरूज दिसला की ट्रेकवाली पोरं क्षणात जागा सांगतात. त्यामुळे एकेक फोटो बघून मागची डोंगररांग कापत बसलोय.

अजून एक डोक्यात आहे. शिंदळ माकुडी बघ, शिवनेरीच्या कड्यावर दिसली की आपण कसे हरखायचो, आणि ती फांदीवरून कुंडीत किती सहज लागते. ज्याला हौस आहे त्याला वाढवलेलं रोप कुठे मिळेल हे झाडाच्या पानावरच सांगितलं, तर निदान काहींचा हात तरी कड्याकडे जाणार नाही. तिचं शास्त्रीय नावही बदललंय, फ्रेरिया इंडिकाचं बाउसेरोसिया फ्रेराय, आणि साइटवर जुनंच होतं, नवीन टाकून शोधलं की काहीच नाही. आता कुठलंही टाक, त्याच पानावर येशील.

बाकी साइटची दशा विचारू नकोस. पहिल्या पानावर पळती पट्टी, तिच्यात होऊन गेलेल्या रोपविक्रीची तारीख, साल न लिहिता. ती वाचून एक बाई वडलांना घेऊन बारामतीहून एसटीने आल्या आणि हॉलला कुलूप. मला इतकं वाईट वाटलं, घरी नेऊन जेवू घातलं त्यांना. मेंबरशिपचा फॉर्म प्रिंट काढून चेकसोबत पोस्टाने पाठवायचा. फोटो एकेक पाच-सहा एमबीचा, घाटात रेंज असली तरी उघडत नाही. आणि जुनी वार्तापत्रं सगळी श्रीलिपीत, त्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, म्हणजे सर्च करून सापडायची सोयच नाही. सरांनी सोनकीवर एवढं भरभरून लिहिलंय आणि 'सोनकी' टाकलं की शून्य! युनिकोडमध्ये बदलायला घेतलं तर रफार भलत्याच अक्षरावर जातात, त्यामुळे ओळ न् ओळ वाचून दुरुस्त करतोय. पण काय मजा येते सांगू, सरांचा आवाज ऐकू येतो त्यातून.

आपल्या काकांची नजर आता पूर्ण गेली, तुला कळलं असेलच. फोन त्यांना साइट वाचून दाखवतो, पण फोटो आला की नुसतं फाइलचं नाव आणि नंबर बोलतो. ज्या माणसाने आपल्याला भिंगातून गवताचं फूल बघायला शिकवलं त्याने नंबर ऐकायचे? म्हणून प्रत्येक फोटोला वर्णन लिहितोय, रंग, आकार, पाकळीवरच्या रेषा. काका फोन करून चुका काढतात, 'पिवळं म्हणजे कुठलं पिवळं, हळदीचं की लिंबाचं?' खूश आहेत एकदम.

तुझं काय? पोरीची दहावी ना यंदा, तिला म्हणावं काकाने जीवशास्त्रातल्या आकृत्या मागितल्यात. घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, आणि बंगळूरच्या ट्रॅफिकवर लेक्चर नको.

कमिटीची बैठक दिवाळीनंतर आहे आणि सरांच्या शेवटच्या वह्या तुझ्याकडेच आहेत. त्या कागदासाठी मला त्या हव्यात, तुझी ती पावलं मोजलेली पानंसुद्धा, मी खोडलेल्या ओळी उजेडात धरून वाचता येतील. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नकोस, कुरिअरनेही नको. दिवाळीला येशील तेव्हा स्वतः हातात आण, आणि बैठकीपर्यंत थांब. नानांशी तू बोल, ताईंशी मी बोलतो.

तुझा,
पश्या