चालणे कामाच्या वेळेतच बसवावे लागेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह आणि हृदयविकार यांवरील लेखांत ‘रोज चाला’ हा सल्ला नेमाने दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र चालायचे ते पहाटे किंवा संध्याकाळी, असे त्यात गृहीत धरलेले असते. नोकरदार माणसाचा दिवस ज्या आठ-साडेआठ तासांत सरतो, ते तास या सल्ल्यातून वगळलेलेच राहतात. पुण्यातील एका शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत सत्तावीस वर्षे खुर्चीवर बसून काम केल्यानंतर मला असे ठामपणे वाटते की, चालणे कामाच्या वेळेत बसवल्याखेरीज बैठ्या नोकरीतील बहुसंख्यांचे चालणे होणारच नाही आणि तशी सोय करून देणे ही कार्यालयाचीही जबाबदारी आहे.

राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी झाली. शनिवार मोकळा मिळाला याचे समाधान सर्वांनाच आहे, पण रोजचा दिवस पाऊण तासाने लांबला. त्यात जाण्यायेण्याचे दोन तास धरले, तर फिरायला जाण्यासाठी उरतो तो वेळ एक तर झोपेतून कापावा लागतो किंवा घरच्यांच्या वाट्यातून. माझ्या शाखेतील सहकारी भगिनींना तर तोही उरत नाही. पहाटे उठून डबे करायचे आणि घरी पोहोचताच पदर खोचून पुन्हा ओट्यापाशी उभे राहायचे, अशा दिनक्रमात ‘संध्याकाळी तासभर फिरून या’ हे सांगणे म्हणजे त्यांच्या अडचणीकडे पाठ फिरवणे होय. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मी प्रौढ माणसे पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, त्यात पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ५७ टक्के आहे. हा फरक केवळ आळसाने पडलेला नाही.

चालण्याचा आणि कामाचा संबंध पहिल्यांदा नीट तपासला गेला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील चालक आणि वाहक यांच्या आजारपणाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. दोघेही एकाच गाडीवर, एकाच शहरात काम करणारे. पण चालक पाळी संपेपर्यंत बसून राही आणि वाहक तिकिटे देत दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढत-उतरत असे. वाहकांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तर उशिरा व कमी घातक स्वरूपात. टपाल खात्यातही पायी किंवा सायकलने पत्रे वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यात तसाच फरक आढळला. पुढे मॉरिस यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदीही काढल्या, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर मुळातच अधिक असल्याचे दिसले, म्हणजे सगळा फरक जिन्याच्या खात्यावर टाकता येणार नव्हता. आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या प्रामाणिकपणाचे विशेष मोल वाटते. त्यानंतरच्या अनेक दशकांच्या संशोधनाने मूळ गोष्टीला दुजोराच दिला आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, त्या वाहकांनी व्यायाम म्हणून वेगळे काहीही केले नव्हते. त्यांचे कामच त्यांना चालवत होते.

आमच्या कामाने मात्र आम्हाला बसवून ठेवले आहे. पूर्वी एखादी नस्ती (फाईल) शोधायची तर अभिलेख कक्षापर्यंत जाऊन, शिडीवर चढून, गठ्ठा सोडून पाहावा लागे. आता ती संगणकाच्या पडद्यावर येते. त्यामुळे नागरिकांची कामे लवकर होतात आणि तो बदल मला मनापासून हवा आहे. पण शेजारच्या शाखेत फोन, वरिष्ठांना संदेश आणि चहा टेबलावर, अशा दिवसात माझी किती पावले पडतात ते मी एकदा मोजले: जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारशेही भरली नाहीत. त्याच सुमारास तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी माझी चाचणी ६.२ आली, म्हणजे मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि त्याखेरीज सुमारे १३ कोटी ६० लाख माणसे या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला आहे.

माझ्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितले की, दुपारच्या जेवणानंतर लगेच खुर्चीत बसू नका, दहा मिनिटे चाला. कारण सोपे आहे. जेवणानंतर रक्तात साखर चढू लागते, त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू कामाला लागले तर ते ती साखर इन्सुलिनवर फारसे विसंबून न राहता स्वतःकडे ओढून घेतात. शिवाय पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सैलावले की पायांतले रक्त वर ढकलले जाते; तासन्तास पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्याच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज का दिसते, याचे उत्तर यातच आहे. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करण्याची रीत आहे. दुपारचे जेवण कार्यालयात होऊ लागले आणि त्या वेळी चार पावले टाकायला जागाच राहिली नाही.

ती आम्ही शोधली. आमच्या मजल्यावरील लांब मार्गिका या टोकापासून त्या टोकापर्यंत चौऱ्याऐंशी पावलांची आहे. जेवणाच्या अर्ध्या तासातले पंधरा मिनिटे डब्याला आणि दहा मिनिटे चालण्याला दिली, तर बारा खेपा सहज होतात, म्हणजेच हजार पावले. सुरुवातीला मी एकटा होतो, आता आम्ही सात जण असतो आणि त्यांतल्या चार भगिनी आहेत. दहा महिन्यांनी माझी तीच चाचणी ५.८ आली, रात्रीचा भातही मी कमी केला होता, त्यामुळे सगळे श्रेय चालण्याला देता येणार नाही. दुपारी तीन वाजता देयके तपासताना जी गुंगी येई, ती मात्र चालण्यानेच गेली असे मी सांगू शकतो.

अनेक सहकारी ‘दहा हजार पावले आपल्याने कुठली व्हायला’ म्हणून सुरुवातच करत नाहीत, त्यांच्यासाठी हे सांगितले पाहिजे. दहा हजारांचा आकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या उपकरणाच्या नावामुळे; त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. २०१९ साली अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात, दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी दिसले आणि सुमारे ७,५०० च्या पुढे वाढीव लाभ दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. ती सलग किमान दहा मिनिटे असावी ही जुनी अटही तिने २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे जिन्याचे दोन मजलेही हिशेबात धरले जातात.

जिन्याचा विषय निघालाच आहे तर तो स्पष्टपणे मांडतो. आमच्या इमारतीतील मागचा जिना अनेक वर्षे जुनी कपाटे, मोडक्या खुर्च्या आणि निर्लेखनाची (नोंदीतून काढून टाकले जाण्याची) वाट पाहणारे गठ्ठे यांनी भरलेला होता आणि खाली सरकत्या लोखंडी दाराला कुलूप होते. दोन मजले जाण्यासाठी माणसे उद्वाहनासमोर (लिफ्टसमोर) रांग लावत. आम्ही तीन अर्ज दिले, तिसऱ्यात आगीच्या धोक्याचा उल्लेख केला, तेव्हा जिना मोकळा झाला. त्याच्या दुसऱ्या वळणावर दिवा नाही, म्हणून संध्याकाळी भगिनी तिथून जाणे टाळतात. अशी किती तरी कार्यालये असतील. जिने उघडे, स्वच्छ आणि उजेडाचे ठेवायला कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही.

कामाचा खोळंबा होईल ही शंका मला मान्य आहे, कारण खिडकीपाशी उभा असलेला नागरिक आमच्या चालण्यासाठी ताटकळता कामा नये. एक ते दोन या वेळेत निम्म्या-निम्म्या कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने सुट्टी घेतली की खिडकी उघडी राहते. आमच्या शाखेत आम्ही तेच करतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पाच मिनिटांच्या योगविरामाचा पुरस्कार केला होता, तेव्हा कामाच्या मध्ये शरीराला विराम हवा हे तत्त्व शासनाला परके नाही. खासगी आस्थापनांनीही दर तासाला उठण्याची मुभा द्यावी आणि जागेवर नाही म्हणून कुणाला जाब विचारू नये. सुरक्षारक्षक, दुकानांतील विक्रेते यांची गरज याच्या उलट आहे. दिवसभर उभे राहणाऱ्यांना आधी बसायला स्टूल मिळाले पाहिजे.

कार्यालयाबाहेरची अडचण पदपथांची. बस एक थांबा आधी सोडून चालत जाण्याचा माझा प्रयत्न दुचाकींनी अडवलेल्या पदपथाने आणि उघड्या चेंबरने पंधरवड्यात संपवला. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही होतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. निदान स्थानके, बसथांबे आणि मोठी कार्यालये यांना जोडणारे अर्धा-एक किलोमीटरचे पदपथ तरी महापालिकेने आधी मोकळे करावेत.

सामान्य प्रशासन विभागाने सर्व कार्यालयांना जिने खुले व प्रकाशित ठेवण्याचे आणि जेवणाची सुट्टी आळीपाळीने देण्याचे परिपत्रक काढावे, अशी माझी विनंती आहे. हे पत्र प्रसिद्ध झाल्यास त्याचे कात्रण जोडून दुसऱ्या वळणावरच्या दिव्यासाठी मी चौथा अर्ज देणार आहे.

आपला,
लेखा शाखेतील एक कर्मचारी, पुणे