आधी बापूंचं रक्त, मनीचं नंतर

लातूर, रविवार रात्र

प्रिय दत्ता,

तुझे तीन फोन उचलले नाहीत, घाल शिव्या. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच.

बापूंच्या जठराच्या कॅन्सरचा रिपोर्ट वाचला. त्यातला 'म्युटेशन', म्हणजे जीनमधला बिघाड, हा शब्द धरून अण्णांनी 'खानदानी रोग' ठरवला आणि बापूंच्या मनीची सोयरीक थांबवली म्हणे! लेका, तो रिपोर्ट गाठीच्या ब्लॉकवरचा, म्हणजे मेणात बसवलेल्या कॅन्सरच्या तुकड्यावरचा आहे, रक्ताचा नाही. टीपी53 हा जीन तर जठराच्या साधारण निम्म्या कॅन्सरांत बिघडलेला निघतो. बहुतेकदा तो बिघाड गाठीपुरताच, लेकरांत उतरत नाही. खरा आनुवंशिक जठराचा कॅन्सर शंभरात एक ते तीन.

मला घोर आहे तो खालच्या ओळीचा, सीडीएच1चा. हा जीन ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनवतो. कणसात दाणे धरून राहावेत तशा पेशी त्यानं एकमेकींना धरून असतात. या जीनच्या प्रती दोन. एक गेली तर दुसरी निभावते. तिच्यावरही मिथाइलचं, म्हणजे जीन बंद पाडणाऱ्या रसायनाचं, कुलूप बसलं की मळणी झालीच म्हण. ई-कॅडहेरिनचा स्टेन केला, म्हणजे त्याला रंग दिला, की एरवी प्रत्येक पेशीला तपकिरी कड येते. बापूंच्या स्लाइडवर कडच नाही, सुट्या पेशी, केंद्रक अंगठीच्या खड्यासारखं एका अंगाला. म्हणूनच पोटात घातलेल्या दुर्बिणीत गाठ दिसली नव्हती, नुसती भिंत ताठ. पण पहिली प्रत जन्मतःच बिघडलेली होती की नंतर बिघडली, ते रक्तच सांगेल.

आणि अण्णा रक्ताला नको म्हणतात! पाणाड्याच्या नारळावर तीन बोअर कोरडे पाडलेला माणूस. चौथ्या वेळी तू त्यांचीच बाजू घेतलीस, विसरलो नाही मी.

तर बापूंचं रक्त 4 मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत. आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची, नाहीतर गुठळी होते, गोठवायची नाही. जठराच्या ऑपरेशनला रक्त चढवलं होतं, ते फॉर्मवर लिहा. सीडीएच1सोबत सीटीएनएनए1 हा दुसरा जीन आणि 'डिलिशन-डुप्लिकेशन', म्हणजे जीनचा तुकडा गळालाय की दुणावलाय याची तपासणी, मागा. अख्खा तुकडा गायब असला तर जीनची अक्षरं वाचणाऱ्या साध्या सिक्वेन्सिंगमधून निसटतो. मनीचं आधी केलं आणि निगेटिव्ह आलं, तर घरात मुळात काही होतं का तेच कळत नाही. बापूंमध्ये सापडलं तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, मग मनीचं करू. 'व्हीयूएस', म्हणजे अर्थ न ठरलेला बदल, आलं तर कागद अण्णांच्या हाती देऊ नकोस. त्यावर कुणाचं जठर काढत नाहीत.

बदलीचं काय झालं? वहिनींच्या गुडघ्याचं पुढच्या पत्रात.

बापूंना पाव भाकरी दुधात कुस्करून, दिवसातून सहा वेळा. पाणी जेवणासोबत नको. बी12चं इंजेक्शन जन्मभर. आणि रक्त शनिवारी काढू नका, कुरिअर रविवारी पडून राहतं.

तुझा,
सुध्या