गोधडीला नेफा होता

मा. संपादक,
स. न.

शहरातल्या एका हस्तकला प्रदर्शनात मी गोधडी दिली होती. साडेतीन बाय अडीच फुटांची. खिंडसी तलावाच्या काठावरून दिसणारा रामटेकचा गड. संध्याकाळी बघायला गेले, तर तिची चौघडी घालून 'टाकाऊतून टिकाऊ'च्या टेबलावर, पायपुसण्यांच्या शेजारी ठेवलेली. गड आत, अस्तर बाहेर! दांडी घालून टांगता यावी म्हणून मागे चार बोटांचा नेफा शिवला होता. तो कोणी पाहिलाच नाही.

नेहमीच्या गोधडीत टाके कडेकडेने चौकोनात फिरत मध्याकडे येतात. इथे ते डोंगराच्या उताराने चालवले. लांबच्या टेकड्या फिक्या दिसतात, म्हणून तिथे कापड उलट्या बाजूने लावलं. जवळची झाडी त्याच कापडाची, पण सुलट. पाण्यावर आडवा धावदोरा, पलीकडच्या काठाशी दाट आणि अलीकडे विरळ, म्हणजे तळं पसरतं. आभाळाने मात्र दोन महिने छळलं. इतवारी, गांधीबाग पालथं घातलं, पण मे महिन्यातलं आपलं ते धुरकट आभाळ नव्या कापडात मिळेना. शेवटी दोरीवर विटलेला ह्यांचा निळा सदरा कामी आला. नागपूरच्या उन्हाने एवढं तरी भलं केलं!

गडावरच्या देवळांचं पांढरं कापड एम्प्रेस मिलचं. सासरे तिथे कामाला होते. १८७७ ला सुरू झालेली मिल पुढे बंद पडली, तेव्हापासून तो तुकडा ट्रंकेत होता. नखाएवढ्या सहा चिंध्या कापल्या आणि बाकीचा परत ठेवला.

सासूबाईंनी विचारलं होतं, "हे पांघराचं का पाहाचं?" प्रश्न रास्त होता. प्रदर्शनात एवढंही कोणी विचारलं नाही. एका बाईंनी तेवढं मशीनमध्ये चालेल का, ते विचारलं.

घडीची खूण आता गडाच्या मधोमध उमटली आहे. इस्त्री फिरवावी तर पाण्यावर धुक्यासाठी नायलॉनची ओढणी लावलेली, ती वितळेल.

चित्रांच्या दालनात जागा द्या, असा माझा हट्ट नाही. (आहे, पण तो पुढच्या वर्षी.) आयोजकांनी अर्जात 'टांगायची की ठेवायची' एवढा एक रकाना वाढवावा आणि भिंतीला दोन खिळे ठोकावेत. दांडी मी घरून आणीन.

आपली,
एक वाचक, महाल, नागपूर