गाठ टणक का लागते?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कर्करोगाची गाठ हाताला टणक का लागते, असं तू विचारलं होतंस. पेशींभोवती कोलॅजन या प्रथिनाचे तंतू दाट होतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात, म्हणून. पण त्या टणकपणाचं पेशींना काय होतं, हा तुझा दुसरा प्रश्न म्हणजे आमचं निम्मं काम. तेव्हा थोडं पाल्हाळ सहन कर.

वर्षानुवर्षं आपण कर्करोगाच्या पेशी प्लास्टिकच्या सपाट डिशमध्ये वाढवत आलो. स्तनाच्या निरोगी ऊतीचा ताठरपणा काहीशे पास्कल (दाब आणि ताठरपणा मोजायचं एकक), गाठीचा काही हजार आणि प्लास्टिकचा अब्जावधी! म्हणून आता पेशींचे गोळे, म्हणजे स्फेरॉइड, जेलमध्ये वाढवतात. १९९७ मध्ये कर्करोग-संशोधक राकेश जैन यांच्या गटाने ते अगारोजमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलमध्ये, वाढवले. अगारोज जितकं दाट, तितका गोळा लहान राहिला. वाढ थांबली तेव्हाचा दाब ४५ ते १२० मिलिमीटर पारा निघाला, म्हणजे जवळजवळ आपल्या रक्तदाबाचेच आकडे. गंमत पुढे आहे. जेलमधून सोडवल्यावर तेच गोळे पुन्हा वाढू लागले. पेशी मेल्या नव्हत्या, नुसत्या दबून होत्या.

मला यातली धोक्याची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जुनी केमोथेरपी बहुतेक विभाजन करणाऱ्या पेशींनाच गाठते. दबून थांबलेली पेशी तिच्या तडाख्यातून निसटू शकते. मोकळ्या डिशमध्ये औषध उत्तम ठरलं, तर मी लगेच हुरळत नाही. शिवाय दाबामुळे काही पेशी उलट सरकू लागतात, आसपास घुसतात. त्यामुळे ‘दाब वाढवा, गाठ आटोक्यात’ हे म्हणणं मला उतावीळपणाचं वाटतं. शरीरात तर हाच दाब गाठीतल्या रक्तवाहिन्या चेपून टाकतो आणि औषध आत पोचत नाही. आमच्या साध्या गोळ्यांत रक्तवाहिन्याच नसतात, मग ते दिसणार कुठून?

आता माझा स्वार्थ. जेल दाट केली की ताठरपणा वाढतो, पण छिद्रंही बारीक होतात. कोलॅजन असेल तर पेशींना चिकटायला जागाही वाढते. मग फरक कशामुळे पडला, हे सांगायचं कसं? छिद्रं तेवढीच ठेवून फक्त ताठरपणा बदलता येईल असं एखादं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, तुला सुचतं का? प्रकाशाने साखळ्या जोडणारं असलं तर उत्तम, पण त्या प्रकाशाने पेशी मरता कामा नयेत. सवडीने कळव, पण कळव नक्की.

तुझा,
अविनाश