झाड लावण्याआधी माती तपासा

संपादक महोदय,

शहरांतल्या गरीब वस्त्या हिरव्या करण्याच्या योजनांत रोपांचा आकडा ठळक असतो, जमिनीविषयी मात्र चकार शब्द नसतो. योजना फसतात त्या बहुधा इथेच.

या वस्त्या जुने कारखाने, रेल्वेमार्ग, कचराभूमी आणि वर्दळीचे रस्ते यांना खेटून असतात, आणि हा योगायोग नसतो. अमेरिकेत १९३०च्या दशकात कर्जासाठी धोकादायक ठरवून नकाशावर लाल रंगवलेले मोहल्ले आजही इतर मोहल्ल्यांपेक्षा अधिक तापतात. १०८ शहरांच्या २०२०मधील अभ्यासात हा फरक सरासरी २.६ अंश सेल्सिअस निघाला. सावलीतला पृष्ठभाग उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंशांनी थंड राहू शकतो. अशा ठिकाणी झाड जगणे हा आरोग्याचा प्रश्न आहे.

पहिले काम मातीच्या तपासणीचे. पूर्वीच्या पेट्रोलमधले शिसे रस्त्याकडेला साचलेले असते, जुन्या रंगातले भिंतींच्या पायाशी. ते कुजत नाही आणि सहसा वरच्या थरातच राहते. म्हणून भिंतीलगत, रस्त्यालगत आणि मधला असे जागेचे भाग पाडावेत. प्रत्येक भागातून १० ते १५ ठिकाणची माती घेऊन त्या भागाचा एक नमुना करावा. सगळ्या जागेची माती एकत्र कालवली, तर भिंतीकडचा विषारी पट्टा सरासरीत लपून जातो. लागवडीसाठी वरची १५ सेंटिमीटर माती घ्यावी. मुले खेळणार असतील तर वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचा नमुना वेगळा काढावा, कारण धूळ तिथूनच हाताला लागते आणि तोंडात जाते.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने निवासी मातीतील शिशासाठीची मार्गदर्शक पातळी २०२४मध्ये किलोमागे ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली. शिसे याहून जास्त निघाले तर भाजीपाला थेट जमिनीत लावू नये. जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड अंथरून त्यावर किमान ३० सेंटिमीटर स्वच्छ मातीचे वाफे करावेत. वाफ्याच्या कडेला जुने रेल्वे स्लीपर लावू नयेत. त्यांत क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवण्यासाठीचे विषारी डांबरी तेल, मुरलेले असते. उरलेल्या जागेत कंपोस्ट मिसळावे, सामू (pH, आम्लतेचे माप) ६.५ ते ७ ठेवावा आणि मातीचा एकही तुकडा उघडा ठेवू नये. सूर्यफुले लावून शिसे शोषून घेण्याचा सल्ला हमखास दिला जातो. तो मानू नये. शिसे मातीच्या कणांना घट्ट चिकटलेले असते, रोपात फारच थोडे चढते, आणि जमीन स्वच्छ व्हायला कित्येक दशके लागतील.

विष नसले तरी राडारोड्याचा, रोलर फिरवलेला भराव असतोच. ३० सेंटिमीटर खड्डा खणून पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे, पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले तर मुळे गुदमरणार. आधी भराव फोडून जमीन मोकळी करावी.

रोपासाठी खोल खड्डा खणण्याची सवय घातक आहे. खोली मुळांच्या गोळ्याएवढीच हवी, रुंदी दुप्पट-तिप्पट. खोल खड्ड्यातली भुसभुशीत माती पुढे बसते, रोप खाली खचते, बुंध्याचा पसरट भाग मातीत गाडला जातो आणि साल कुजू लागते. झाड मरते ते चार-पाच वर्षांनी, कंत्राटदाराची जबाबदारी संपल्यावर. आच्छादन ५ ते १० सेंटिमीटर जाड हवे, पण बुंध्याला टेकलेले नको. आधाराची काठी वर्षभराने काढावी, नाहीतर विसरलेली दोरी खोडात रुतते. मोठ्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षे कोरड्या दिवसांत आठवड्याला ६० ते ८० लिटर पाणी लागते. निविदेत हे पाणी धरलेलेच नसते. आमचे स्पष्ट मत असे, की देयकाचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्षी जिवंत झाडे मोजूनच द्यावा आणि पाणी घालण्याचे काम वस्तीतल्याच लोकांना मजुरी देऊन सोपवावे.

दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद, वाहत्या रस्त्यावर झाडांचे दाट छत धूर खाली कोंडते. तिथे वाहने आणि पदपथ यांच्यामध्ये दाट झुडपांचे कुंपण अधिक उपयोगी.

हिरवाई रुजली की घरभाडी चढतात आणि ज्यांनी धूर सोसला त्यांनाच बाहेर पडावे लागते. वॉशिंग्टनमधील इलेव्हन्थ स्ट्रीट ब्रिज पार्क या, नदीवरच्या जुन्या पुलाच्या खांबांवर आखलेल्या उद्यानाच्या आयोजकांनी हा धोका ओळखला. बांधकामाच्या कितीतरी आधी, २०१५मध्ये, त्यांनी घरे आणि रोजगार यांचा आराखडा जाहीर केला. जमीन रहिवाशांच्या सामूहिक न्यासाकडे ठेवण्याची सोय त्यातूनच पुढे आली. प्रत्येक हरित योजनेच्या मंजुरीला असा आराखडा जोडणे सक्तीचे करावे आणि तो पहिला खड्डा खणण्याआधी वस्तीत वाचून दाखवावा.

— नागरी माती व वृक्षलागवडीचे अभ्यासक