केट फोर्ब्सची बातमी चार ओळींत कशी उरकलीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्या परदेशच्या पानावर अगदी खाली कोपऱ्यात बातमी होती, की स्कॉटलंडच्या तेव्हाच्या डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर केट फोर्ब्स (म्हणजे आपल्या हिशेबाने उपमुख्यमंत्रीच) २०२६ ची निवडणूक लढवणार नाहीत, मुलगी लहान आहे म्हणून. बस, चार ओळी. आमच्याकडे चहाच्या वेळी ती मोठ्याने वाचली गेली आणि लगेच "बघा, शेवटी बाईला घरीच यावं लागतं" सुरू झालं, म्हणून हे पत्र.

मी एका सरकारी ऑफिसात अकाउंट्सला तीस वर्षं काढली. एकदा ऐन मार्चएंडला साहेब आजारी पडले आणि मीटिंगमध्ये त्यांचा गोषवारा मला वाचावा लागला, सात पानं, ती पण मीच टाइप केलेली, तरी तिसऱ्या पानावर कोणीतरी बेरीज विचारली आणि माझी दातखीळ बसली. आता हिचं बघा. ६ फेब्रुवारी २०२०, स्कॉटिश पार्लमेंटमध्ये दुपारी बजेट, आणि त्याच सकाळी अर्थमंत्री डेरेक मॅके यांचा राजीनामा, एका १६ वर्षांच्या मुलाला पाठवलेल्या मेसेजची भानगड. फोर्ब्स तेव्हा ज्युनियर मंत्री, वय २९. हातात काही तास, बजेट दुसऱ्याचं, समोर विरोधक, सरकार अल्पमतातलं. उभी राहिली आणि वाचलं. तिथल्या पार्लमेंटात बजेट मांडणारी पहिली बाई तीच. नुसतं वाचून नाही थांबली, नंतर ग्रीन पक्षाशी बोलणी करून पास पण झालं, १८ वर्षांपर्यंतच्या पोरांना बस फुकट हे त्यातच ठरलं. दहा-बारा दिवसांत अर्थखातं तिच्याकडे. शिक्षण केंब्रिजला इतिहासाचं हो, अकाउंट्स नंतर बार्कलेज बँकेत शिकली! आणि लहानपणीची काही वर्षं आपल्या भारतात गेलीत, आईवडील मिशनरी होते, हे तरी छापायचंत.

तिचं सगळं मला पटतं असं अजिबात नाही. २०२३ मध्ये फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी पद सोडलं तेव्हा ही बाळंतपणाच्या रजेवर होती, तिथूनच त्यांच्या पक्षाच्या (स्कॉटिश नॅशनल पार्टी) नेतेपदाला उभी राहिली, आणि पहिल्याच दिवशी सांगून मोकळी की समलिंगी लग्नाच्या कायद्याला मी असते तर विरोधात मत दिलं असतं. फ्री चर्च या कर्मठ ख्रिस्ती पंथाची आहे ती. मला ते मत चूक वाटतं, पाठिंबा दिलेले आमदारही पटापट पळाले, पण गोलमाल उत्तर देऊन सुटता आलं असतं ते तिने केलं नाही. टीव्हीवर नेतेपदाचे प्रतिस्पर्धी हमझा युसुफना म्हणाली, तुम्ही वाहतूक मंत्री होतात तेव्हा रेल्वेगाड्या कधी वेळेवर आल्या नाहीत, आणि मग त्यांचं एकेक खातं मोजलं. हरली, पण ५२ विरुद्ध ४८ ने. मग तिला शेतीबितीचं खातं देऊ केलं ते नाकारून मागच्या बाकावर जाऊन बसली. वर्षभरात युसुफनाच पद सोडावं लागलं आणि मे २०२४ ला नवे फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनींनी तिला दोन नंबरला आणलं, अर्थव्यवस्था आणि तिथली गेलिक भाषा ही खाती देऊन. गेलिक ती स्वतः बोलते, आणि २०२५ मध्ये गेलिक आणि स्कॉट्स या दोन भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा झाला.

आता घरी बसण्याचं. तिचा मतदारसंघ स्काय, लॉकाबर वगैरे, डोंगर आणि बेटं, स्कायहून एडिनबर्ग गाडीने पाचेक तास. आठवड्याचे दिवस पार्लमेंट, उरलेले मतदारसंघात, आणि घरी तीन वर्षांची पोर. तिने लिहिलंय की हे लहानपणीचे दिवस आता आणखी हुकवायचे नाहीत. याला "घरी यावं लागलं" म्हणायचं का? ३५ व्या वर्षी, पुढची फर्स्ट मिनिस्टर म्हणून नाव चालू असताना? मला तर वाटतं खुर्ची सोडायला पुरुषांनाही जमत नाही, आमचे साहेब रिटायर होऊन दोन वर्षं रोज ऑफिसात चहाला यायचे.

मे २०२६ ला तिकडे निवडणूक. तेव्हा तरी कोपऱ्यातून जरा वर घ्या, आणि "मुलीसाठी राजकारण सोडलं" हाच मथळा परत लावू नका.

आपली,
एक निवृत्त वाचक, सातारा