मंत्रीसाहेब, डॉक्टर व्हायच्या आधी आम्हाला दवाखाना तरी बघू द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

साहेब, मी नाशिकची, बारावी झालीये, मेडिकल ॲडमिशनच्या नीट परीक्षेचा रिपीट चालू आहे. मागणी एवढीच, नीट देणाऱ्या आम्हा मुलांना सरकारी दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून पेशंटच्या मदतीला घ्या. कॉलेज रोडचा क्लास, अभ्यासिका आणि घर एवढंच फिरणं. 720 मार्कांचा पेपर, 180 प्रश्न, किडनीतल्या नेफ्रॉनची आकृती झोपेतून उठवलं तरी काढून दाखवेन, पण डायलिसिसला आलेला माणूस चार-चार तास मशीनला लागून असतो तेव्हा त्याच्या सोबतची बाई बाहेर कुठे बसते, काय खाते, हे मला माहीत नाही आणि नीटमध्ये ते कुणी विचारणारही नाही. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर वर्षभर इंटर्नशिप, एवढं आयुष्य लावायचं आणि हे काम आपल्याला झेपतं का, तो वास, ती गर्दी, ते रडणं सहन होतं का, हे ॲडमिशन झाल्यावर कळणार. ज्यांचे आईबाबा डॉक्टर आहेत त्यांचा प्रश्नच नाही, ते लहानपणी ओपीडीत बसूनच होमवर्क करतात. मी एका खासगी हॉस्पिटलमध्ये विचारायला गेले होते, नुसतं व्हीलचेअर ढकलायला घ्या म्हटलं, तर काउंटरवरून पहिला प्रश्न आला, कुणाच्या ओळखीने आलात?

अमेरिकेत मेडिकलला जाणारी मुलं आधी कॉलेज करतात आणि त्या काळात हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर म्हणून जातात, डॉक्टरांच्या मागे उभं राहून काम बघतात, आणि ते सगळं ॲडमिशनच्या अर्जात लिहितात. पण त्याची पण तिथे शर्यत झालीये, तास मोजायचे, आणि ज्याला शिकताना नोकरी करावी लागते तो मागे. म्हणून हात जोडून सांगते, आमच्या या स्वयंसेवेला ॲडमिशनचे मार्क लावू नका. मार्क लावले की आपल्याकडे पुढच्याच आठवड्यात सर्टिफिकेटचं दुकान उघडेल आणि मुलं दवाखान्याच्या गेटवर सेल्फी काढून घरी जातील.

खरं तर काम भरपूर आहे हो. आजीला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले होते तेव्हा सुरगाण्याकडचे एक बाबा सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊन केसपेपरच्या लाइनीत उभे होते, लाइन चुकीची, नंबर आला तर खिडकीतून सांगितलं तिकडे जा, तिकडे गेले तर सिस्टर म्हणाल्या पाणी पिऊन या, लघवी तुंबली पाहिजे. सिस्टरचं पण चुकलं नाही, त्यांच्यापुढे ही गर्दी. पण बाबा कोकणा आदिवासींची घरची बोली बोलणारे, त्यांना वाटलं आपल्याला हाकलून दिलं, ते सरळ गेटकडे निघाले, मीच मागे पळत जाऊन बाटली दिली आणि बाकावर बसवलं. याला काय डिग्री लागते का? आणि नाशिकच्या हॉस्टेलांमध्ये पेठ, सुरगाणा, कळवणची किती मुलं सायन्स करतायत, त्यांना तर ती बोली घरूनच येते, माझ्यापेक्षा दहापट उपयोगी पडतील ती.

वेळ पण जुळतो बघा. नीट मे महिन्यात होते, मग रिझल्ट, मग काउन्सेलिंगच्या राउंड, तोपर्यंत आम्ही रिकामे. आणि नेमका त्याच पावसाळ्यात ताप, डेंग्यू, जुलाबाने ओपीडी तुंबलेली असते.

नियम कडक ठेवा, आमची काही तक्रार नाही. सतरा वर्षं पूर्ण, पालकांची सही, हिपॅटायटिस बीची लस घेतलेली. सुई, ड्रेसिंग, दवाखान्यातल्या कचऱ्याची पिवळी-लाल पिशवी, कशाला हात लावायचा नाही. टीबी वॉर्ड, आयसीयू, लेबर रूम बंद. मोबाईल गेटवर जमा, कारण एक रील पडली की एखाद्या पेशंटची अख्ख्या गावात चर्चा. आणि कुणाच्या हाताखाली, तर पेशंटला मदत करणाऱ्या समाजसेवा अधीक्षकांच्या, डॉक्टरांना अजून एक ताप नको. केसपेपर, रिपोर्ट आणून देणं, मोफत उपचाराच्या जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी त्या योजनेच्या आरोग्यमित्राकडे नेऊन बसवणं, एवढंच. अजून एक, आम्ही आहोत म्हणून वॉर्डबॉयच्या रिकाम्या जागा भरायच्या राहू देऊ नका, तसं होणार असेल तर ही योजनाच नको.

एमबीबीएसच्या मुलांना 2019 च्या नवीन अभ्यासक्रमापासून पहिल्याच वर्षी पेशंटसमोर नेतात, मग आम्हाला निदान दारापर्यंत येऊ द्यायला काय हरकत आहे? आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, चार दिवसांचं ट्रेनिंग त्यांनाच बनवायला सांगा. 2027 ला सिंहस्थ आहे, तेव्हा स्वयंसेवक शोधत फिरावंच लागणार, त्याआधी शिकलेली पोरं तयार असली तर बरंच. सगळ्या महाराष्ट्राचा जीआर नंतर काढा, आधी फक्त नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एक पावसाळा करून बघा, आणि जमलं की नाही ते सिस्टर लोकांना विचारा, आम्हाला नको.

आपली,
नीटची एक रिपीटर, नाशिक